पवनचक्कीला थंडी वाजते तेव्हा

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात दोन प्रश्न हमखास विचारतात: नायगारा पाहिलात का, आणि मुलाचं घर केवढं आहे? मी नायगारा पाहिला नाही. मुलाचं घर भाड्याचं आणि दोन खोल्यांचं आहे. मी पाहिल्या त्या थंडीने बंद पडलेल्या पवनचक्क्या. त्यांच्याविषयी कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पण मी पवनचक्क्या बघायला गेलो नव्हतो. २००७ च्या जानेवारीत मी विमानात बसलो ते मंदारला, माझ्या एकुलत्या मुलाला, एक गोष्ट सांगायला. आधीच्या श्रावणात त्याची आई गेली. चार महिने ती आजारी होती आणि आम्ही दोघांनी मिळून ते त्याच्यापासून लपवलं. परमुलखात एकटा पोरगा, त्याच्या जिवाला घोर कशाला? दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी आम्ही 'अगदी मजेत' असायचो. शेवटच्या दिवशी, दवाखान्यात, दुपारी अडीच वाजता शैला मला म्हणाली, "मंदारला फोन लावा." मी घड्याळ पाहिलं. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. म्हटलं, "अमेरिकेत रात्र आहे गं, झोपू दे त्याला. संध्याकाळी लावू." तिने होकाराची मान हलवली. पाच वाजायच्या आत ती गेली.

मंदारला तेव्हा येता आलं नाही. व्हिसाची मुदत वाढवायचे कागद अडकलेले, वकिलाने देश सोडू नका म्हणून बजावलेलं. पुढचे पाच महिने तो फोनवर एकच विचारायचा, "आई शेवटी काही बोलली का?" आणि मी म्हणायचो, "नाही रे, शांतपणे गेली." फोनवर हे खोटं सहज निभत होतं. समोरासमोर निभणार नाही, म्हणूनच मी तिकीट काढलं.

पार्सिपनी

पहिले चार दिवस न्यू जर्सीत, पार्सिपनीला भाचीकडे होतो. वैदेही मोठी प्रेमळ आणि तितकीच हुकूमशहा. आल्या आल्या तिने माझं स्वेटर दोन बोटांत धरून पाहिलं. "मामा, हे इथे सुद्धा चालणार नाही. मंदारकडे तर तुमचा बर्फच होईल. लेयरिंग करायला शिका, एकावर एक कपडे." मग आयसेलिनला नेऊन मला आतले गरम कपडे, हातमोजे आणि ज्वारीचं पीठ घेऊन दिलं. ओक ट्री रोडवरच्या त्या दुकानात मेतकूट होतं, कुरडया होत्या, पूजेचं साहित्य होतं. साताऱ्यात मिळत नाही असा कोल्हापुरी मसालाही होता. तिची आठ वर्षांची सिया गाडीत मला माझं वय, उंची आणि मी माकडटोपी का घालतो ते इंग्रजीत विचारत होती. मी मराठीत उत्तरं दिली. आमचं उत्तम जमलं.

रविवारी तिथल्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. एका शाळेचा हॉल, काळ्या साड्या, तिळगूळ, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. हळदीकुंकू चाललं होतं. एक नागपूरच्या बाई प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची छोटी डबी देत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "काकू नाही का आल्या, काका? थांबा, त्यांच्यासाठी घेऊनच जा." आणि त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली.

मी ती घेतली. "बरं," म्हणालो, वर "देतो त्यांना," असंही म्हणालो.

गाडीत वैदेही म्हणाली, "मामा, सांगायचं होतंत ना." मी म्हटलं, एवढ्या हौसेने देत होत्या बिचाऱ्या, सणाच्या दिवशी त्यांचा विरस कशाला करायचा?  डबी मी बॅगेत, शैलाने मंदारसाठी शिवलेल्या गोधडीच्या घडीत ठेवली.

मिनेसोटा

मिनिआपोलिसच्या विमानतळावर मंदार घ्यायला आला होता. तीन वर्षांनी भेटत होतो. दाढी वाढवली होती, कानशिलावर पांढरे केस आले होते, आणि वाकून नमस्कार करताना त्याने माझे पाय जरा जास्तच वेळ धरून ठेवले. मला वाटलं आत्ताच सांगावं. पण मागची गाडी हॉर्न द्यायला लागली.

तिथून नैऋत्येला तीन तास. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, सगळी पांढरी. डोंगर नाही, झाड क्वचित. सज्जनगड आणि अजिंक्यतारा बघत मोठ्या झालेल्या माणसाला अशा सपाट मुलखात टेकायला काही नाही असं वाटतं. मग एका चढावर आलो आणि पवनचक्क्या दिसल्या. शंभर तरी असतील, क्षितिजापर्यंत, सगळ्या एका दिशेला तोंड करून फिरत होत्या.

"आपल्या चाळकेवाडीसारख्या ना?" मंदार म्हणाला. गाडीतलं त्याचं ते पहिलं मोकळं वाक्य.

चाळकेवाडीचं पठार आमच्या घरापासून तासाभरावर. तिथे पवनचक्क्या लागल्या तेव्हा मी सबस्टेशनात ऑपरेटर होतो. चौतीस वर्षं मी तेच काम केलं. दुष्काळाच्या सालात गावकरी म्हणायचे, ही पाती ढग पळवून लावतात. मंदार तेव्हा कॉलेजात होता. पठारावर जाऊन त्यांच्याशी वाद घालून आला होता. त्यानंतर तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये गेला, पुढे व्हर्जिनियात हर्नडनला, आणि फिरून फिरून पुन्हा पवनचक्क्यांपाशीच आला. मला त्याचा अभिमान वाटायचा. तसं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याचं ऑफिस दाखवलं. शेतातच एक बसकी पत्र्याची इमारत, आत पडदेच पडदे. प्रत्येक पवनचक्की दर थोड्या वेळाने आपली खबर पाठवते: वारा किती, वीज किती, गिअरबॉक्सचं तेल किती गरम, बाहेर तापमान काय. मी सबस्टेशनात तासातासाला मीटर वाचून कागदावर आकडे उतरवायचो, आणि हे यंत्र आपलं आपण बोलत होतं. मला गंमत वाटली.

मंदारच्या टेबलावर फोन होता. त्याशेजारी दोन घड्याळं होती. एक तिथल्या वेळेचं. दुसऱ्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

"हे बंद पडलंय का रे?"

"नाही. ते सातारा."

पडद्याच्या खालच्या कडेला त्याने आईचा फोटो चिकटवला होता. घरी तिचा एकही फोटो मला दिसला नव्हता, ते मनाला थोडं लागलं होतं. आता कळलं की तो इथे होता. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्या दोन दिवसांत माझ्या फजित्याही झाल्या. सवयीने बनियन धुऊन मागच्या कठड्यावर वाळत घातलं. अर्ध्या तासाने ते पापडासारखं कडक, दोन्ही हात पसरून उभं. शेजारचा डेल ते बघून इतका हसला की त्याला खोकला लागला. डेल साठीचा, मूळचा शेतकरी. त्याच्या शेतात तीन पवनचक्क्या आहेत आणि तो मंदारच्या कंपनीत दुरुस्तीचं कामही करतो. त्याने मला त्याचे जुने बूट आणून दिले. दोन नंबर मोठे होते, पण ते नसते तर माझी बोटं परत आली नसती.

अंधार

तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. पाऊस म्हणजे काय, पाणी पडायचं आणि जिथे पडेल तिथे गोठायचं. काठी, कुंपण, गाडी, तारा, सगळ्यांवर काचेसारखा थर चढला. दुपारी त्यावर वारा सुटला. खिडकीतून मला विजेच्या तारा दिसत होत्या. बोटाएवढी तार मनगटाएवढी झाली होती आणि झोके घेत होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी वादळं पाहिली, पण तार अशी पाहिली नाही. म्हटलं, "मंदार, ही लाइन टिकत नाही." चारच्या सुमाराला कुठेतरी खांब गेले आणि घर काळोखं झालं.

आमच्याकडे तेव्हा रोज भारनियमन चालू होतं. वीज जाणं याचं मला काय कौतुक? पण तिथे वीज जाणं वेगळं. घर गरम करणारी भट्टी गॅसवर चालते, तिचा पंखा मात्र विजेवर. तासाभरात घर गार पडायला लागलं. आजूबाजूला शंभर पवनचक्क्या आणि आमच्याकडे एक दिवा नाही. चाळकेवाडीच्या पायथ्याच्या गावांचीही हीच रड, पण तिथे निदान घाम येतो.

शेगडी काडीने पेटली. मी पिठलं केलं, भाकरी थापल्या. स्वयंपाकघराचं दार लावून आम्ही दोघे शेगडीपाशी बसलो. मंदार पांघरायला काही काढायला माझी बॅग उघडून बसला, गोधडी काढली, आणि तिच्यातून ती डबी खाली पडली.

"हे काय?"

मी सांगितलं. कार्यक्रमात एका बाईंनी तुझ्या आईसाठी दिली म्हणून.

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सणासुदीचं त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं?"

त्याने डबी ओट्यावर ठेवली. गोधडी उलगडून माझ्या अंगावर घातली आणि विचारलं, "थंडी वाजतेय का, बाबा?"

"छे, नाही रे."

माझे दात वाजत होते. त्याला ऐकू येत होते.

"बाबा, बास झालं," तो म्हणाला. मोठ्याने नाही बोलला, पण त्याचा आवाज फाटला होता. "त्या बाहेरच्या मशीनला थंडी वाजली तर ते मला मेसेज करतं. किती डिग्री, केव्हापासून, सगळं कळवतं, आणि मगच स्टॉप होतं. लोखंड आहे ते, यार! आणि माझी आई चार महिने आजारी होती आणि मला कुणी कळवलं नाही. मी दर संडेला विचारत होतो तुम्हाला."

 सांगायची होती ती गोष्ट तिथेच, जिभेच्या टोकावर होती, आणि मी भाकरी मोडत राहिलो. मला माझी लाज वाटली. नंतर आम्ही दोघे एकाच गोधडीत शेगडीशी टेकून झोपलो. लहानपणी तो तापाने फणफणायचा तेव्हा झोपायचो तसे.

उणे सव्वीस

सकाळी आकाश निळंभोर, ऊन लख्ख, आणि डेलच्या ओसरीवरचं तापमापक उणे सव्वीस दाखवत होतं. ते तिथल्या, फॅरनहाइटच्या मोजणीने. आपल्या मोजणीनेही उणे तिशीच्या खालीच. लाइनमन रात्रभर राबले होते. दहा वाजता दिवे आले, भट्टी घरघरली. माझा त्या न पाहिलेल्या माणसांना मनापासून नमस्कार.

पण पवनचक्क्या थांबलेल्याच होत्या. एकही पातं हलत नव्हतं. डेल आणि मंदार बघायला निघाले तेव्हा मीही मागे लागलो. गोधडी मांडीवर घेऊन डेलच्या ट्रकमध्ये बसलो.

"लाइन आली ना? मग बिघडलं काय?" मी विचारलं.

डेलने जे सांगितलं ते मंदारने मला मराठीत करून दिलं. बिघडलं काहीच नव्हतं. एका हद्दीपलीकडे थंडी गेली की पवनचक्की स्वतःच थांबते. तेल घट्ट होतं, पोलाद ठिसूळ होतं. त्यात जबरदस्तीने फिरवलं तर दाते तुटतात. पात्यांवर बर्फ असेल तर तो लांबवर फेकला जातो, म्हणून आम्ही ट्रक बराच अलीकडे उभा केला. आणि अशी कडक थंडी पडते तेव्हा बहुतेक वाराही पडतो. म्हणजे घरोघरी विजेची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ह्या देऊ शकत नाहीत. उलट आपलं तेल गरम ठेवायला त्याच तारेतून वीज मागतात. काल तारच तुटली, म्हणून आतून पार गारठल्या. आता तास न् तास ऊब दिल्याशिवाय उठायच्या नाहीत.

"आपल्याकडच्या काकवीसारखं झालंय तेल," मंदार म्हणाला.

डेल टोप्या चढवून मनोऱ्याच्या दारातून आत गेला. ट्रकमध्ये आम्ही दोघेच उरलो. इंजिन चालू होतं, काचेवर आतून बर्फाची नक्षी धरत होती. समोर ते अजस्र यंत्र मुकाट उभं होतं. मी चौतीस वर्षं वीज पुरवणाऱ्यांच्या बाजूने जगलो. वीज देणाऱ्यालाही कधी मागावी लागते, याचा मी विचारच केला नव्हता.

"मंदार," मी म्हटलं, "तुझी आई शेवटी बोलली होती."

आणि मी सांगितलं. दुपारचे अडीच. फोन लावा म्हणाली ते. मी घड्याळ पाहिलं ते. झोपू दे म्हणालो ते. तिने मान हलवली तेही. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, गोधडीच्या टाक्यांकडे बघत होतो. त्यात तिच्या हिरव्या साडीचा तुकडा होता.

तो दार उघडून खाली उतरला आणि चालत गेला. हातमोजे सीटवरच राहिले होते. मी हाका मारल्या, पण काचेतून त्या कुठून ऐकू जाणार? शेताच्या बांधापाशी तो पाठमोरा उभा राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी त्या मोठ्या बुटांनिशी उतरायच्या बेतात होतो तेवढ्यात तो वळला.

आत आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फाचे खडे झाले होते. मी त्याचे हात गोधडीत ओढून घेतले. ते लाकडासारखे लागत होते.

"मी जागा होतो, बाबा," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"त्या वीकमध्ये माझी नाइट शिफ्ट होती. ऑफिसात होतो, त्याच टेबलाशी. फोन शेजारी होता. घड्याळात तुमचे अडीच वाजलेले मी पाहिले असणार. मनात आलं असेल, आई आता जेवून आडवी झाली असेल." त्याने गोधडीच्या आत बोटं वळवून पाहिली. "महिन्यातून एक आठवडा नाइट असते. सुरुवातीपासूनच."

"तू कधी बोलला नाहीस."

"आई काळजी करेल म्हणून नाही सांगितलं."

मी त्याचे हात चोळत राहिलो. आम्ही तिघांनी एकमेकांची किती काळजी घेतली होती! आणि त्यापायी ती जाताना मुलाचा आवाज ऐकायची राहिली. मला रडू आलं, आणि या वेळी मी ते लपवलं नाही. तोही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. डेल परत आला, त्याने काचेतून पाहिलं, आणि भला माणूस पुन्हा मनोऱ्यात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोडा वारा आला. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेत होतो. डेलच्या शेतातली मधली पवनचक्की आधी हलली, अगदी सावकाश, मग तिच्या पलीकडची. मंदारने ओट्यावरची ती वाणाची डबी धुऊन पुसली आणि तिच्यात चहाची वेलची भरली. मग फडताळात पुढेच ठेवली.

निघताना विमानतळावर त्याने मला एक कागद दिला. वर्षभराचा तक्ता होता, कुठल्या आठवड्यात दिवसपाळी, कुठल्या आठवड्यात रात्रपाळी. "आणि बाबा, हे बघूनच करा असं नाही. कधीही करा."

सातारा

आल्यापासून रविवारचे फोन चालू आहेत. मी आता 'मजेत' म्हणत नाही. गुडघा दुखतो तर दुखतो म्हणतो, जेवलो नसेन तर नाही जेवलो म्हणतो. तो रागावतो. मग तो त्याचं सांगतो, आणि मी रागावतो.

तक्ता भिंतीवर लावला आहे. परवा दुपारी जेवण करून आडवा झालो होतो. घड्याळाकडे लक्ष गेलं तर अडीच. तिकडे पहाटेचे तीन; थंडीत त्यांची घड्याळं तासभर मागे असतात. तक्त्यात त्या आठवड्यासमोर दिवसपाळी होती, म्हणजे तो झोपलेला असणार. मी तरीही उठलो आणि नंबर लावला.

त्याने दुसऱ्याच घंटीला उचलला. झोपेतला, घाबरलेला आवाज. "बाबा? काय झालं?"

"काही झालं नाही," मी म्हणालो. "तुझ्या आईने तुला फोन लावायला सांगितलं होतं."